हॉटेलच्या किचनमध्ये कोणता मास्क टिकतो: जुना आजार सांभाळून काम करणाऱ्यांसाठी परीक्षण

नागपुरातली हॉटेलं, लग्नाचं केटरिंग, मिठाईची दुकानं, कुठेही पाहा, कामगारांच्या तोंडावर बहुतेक वेळा एकच वस्तू दिसते: पारदर्शक प्लास्टिकचा, हनुवटीवर टेकणारा, वरून उघडा मास्क. मालकाला तो परवडतो, कारण धुऊन महिनोन्‌महिने चालतो आणि काउंटरवरच्या पोराचा चेहरा गिऱ्हाइकाला दिसतो. बोलताना उडणारी थुंकी पोह्यांच्या परातीत पडू नये एवढंच त्याचं काम, आणि तेही तो अर्धवटच करतो. शेजारच्या भट्टीवरचा कारागीर ताप अंगावर काढत, खोकत उभा असेल तर त्याच्या खोकल्यातले बारीक कण हवेत तरंगत या प्लास्टिकच्या वरून सरळ आपल्या नाकात येतात. ज्याला सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) आहे, दमा आहे, साखर आटोक्यात नाही, संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारं मेथोट्रेक्सेट चालू आहे, किडनी बदललेली आहे किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, त्याने या तुकड्याच्या भरवशावर शिफ्ट करू नये.

निकाल आधीच सांगून टाकू. किचनसाठी घ्यायचा तो डोक्यामागून दोन पट्टे जाणारा, व्हॉल्व्ह (श्वास बाहेर सोडायची झडप) नसलेला एन-९५ किंवा एफएफपी-२ मास्क. कानात अडकवायचे सगळे प्रकार त्याच्या खालचे. आणि कोणताही मास्क घेतला तरी स्टाफच्या जेवणाची वेळ आणि किचनमधली हवा सांभाळली नाही, तर निम्मे पैसे वाया गेले असं समजा.

हे इतकं बारकाईने लिहायचं कारण विदर्भातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. इथे सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत आणि त्यातले कितीतरी तरुण हॉटेलांत हेल्पर, वेटर, भांडीवाले म्हणून राबतात. सिकलसेलमध्ये प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे काही जिवाणूंशी लढायची ताकद उरत नाही. साध्या फ्लूचा ताप, त्यात पाणी कमी पडलेलं, एवढ्यावर दुखण्याचा झटका येऊ शकतो. धडधाकट माणूस चार दिवसांत उठून कामावर येतो, पण याला त्याच तापासाठी मेडिकल नाहीतर मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत भरती व्हावं लागतं. सिकलसेलवाल्याला १०१ च्या वर ताप गेला की क्रोसिनवर वाट बघत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

किचन मास्कची काय गत करतं

दवाखान्यात उत्तम चालणारा मास्क भट्टीजवळ का बिघडतो, हे कळलं की निवड सोपी होते. एन-९५ मास्क ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडवतो. नुसत्या जाळीने हे होत नाही. त्याच्या मधल्या थरात पॉलिप्रॉपिलिनचे अतिशय बारीक धागे असतात, त्यांना विद्युतभार दिलेला असतो आणि तो भार कण ओढून धरतो. हा भार गेला की दिसायला मास्क तोच राहतो, पण त्याची गाळण घसरते. म्हणून एन-९५ कधीही साबणाने धुऊ नये, त्यावर सॅनिटायझर फवारू नये. दोन्ही गोष्टी हॉटेलांत सर्रास चालतात, कारण महाग वस्तू फेकायला हात धजावत नाही.

किचनमध्ये हाच भार तेल खातं. एन-९५ मधला ‘एन’ सांगतो की हा मास्क तेलाच्या तुषारांसाठी बनवलेला नाही. अमेरिकेच्या नायॉश संस्थेच्या याच वर्गवारीत तेलाला काही काळ टिकणारे ‘आर’ आणि तेल पचवणारे ‘पी’ असे आणखी दोन गट आहेत. सांबारवडी, आलूबोंडे, समोसे दिवसभर तळणाऱ्या कढईवर किंवा सावजी रश्श्याची तर्री सुटताना जो धूर उठतो, त्यात तेलाचे बारीक थेंब असतात आणि ते मास्कवर साचतात. कढईसमोर आठ तास उभं राहणाऱ्याने एन-९५ दुसऱ्या दिवशी वापरू नये. त्याच्यासाठी युरोपच्या ईएन १४९ मानकाचा एफएफपी-२ जास्त बरा, कारण त्या मानकात मास्कची चाचणी मिठाच्या कणांसोबत पॅराफिन तेलाच्या कणांवरही होते. ‘पी’ गटातला मास्क मिळाला तर आणखी उत्तम.

वाफेचं गणित वेगळं. भात, वरण, इडलीच्या भांड्याचं झाकण उघडलं की मास्कचा बाहेरचा थर ओला होतो, श्वास ओढायला जोर लागतो आणि हवा सोपी वाट शोधत गालाच्या फटीतून आत शिरते. ओला झालेला मास्क बदलायचा, वाळवून पुन्हा लावायचा नाही. तंदूर किंवा मोठ्या बर्नरवर वाकणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं की पॉलिप्रॉपिलिन साधारण १६० अंशांना वितळतं. ज्वाळा अंगावर येईल अशा जागी तोंड आणू नये आणि मास्कचे लोंबते पट्टे टोपीखाली दाबून ठेवावेत.

घामाने सर्वांत आधी नाकाजवळची पकड सुटते. मेमध्ये बाहेर पारा ४५ च्या घरात असताना किचनमध्ये काय होतं ते कोणालाच सांगायला नको. नाकाच्या पट्टीखाली आतून स्पंजची पट्टी असलेला मास्क घामात जास्त वेळ जागेवर राहतो.

एकेक प्रकार

गमछा, दुपट्टा, कापडी मास्क: उन्हात जाता-येता डोकं झाकायला चांगले, खोकल्यापासून वाचायला नाहीत. गमछ्यानेच घाम पुसायचा आणि तोच तोंडाला बांधायचा, ही सवय तर उलट घातक. डोळे येण्याची साथ किचनमध्ये अशाच एका सामायिक फडक्यातून फिरते.

तीन पदरी सर्जिकल मास्क हा आजारी माणसाने घालायचा मास्क आहे. खोकणाऱ्याच्या तोंडातून बाहेर पडणारे मोठे थेंब तो चांगले अडवतो. तो घालणाऱ्याला मिळणारं संरक्षण मात्र गालाच्या फटींमुळे फारच तोकडं. तरीही या मास्कची एक डबी प्रत्येक जुन्या आजाराच्या माणसाने स्वतःच्या पिशवीत ठेवावी, ती सोबत्यांसाठी. खोकणाऱ्या सोबत्याच्या तोंडावर सर्जिकल आणि आपल्या तोंडावर एन-९५ ही जोडी एकट्या एन-९५ पेक्षा भारी पडते. ‘दादा, आज एवढा लावून घ्या ना, माझी तब्येत नाजूक आहे’ असं म्हणून हातात ठेवला की बहुतेक जण लावतात. मागायला लावलं की टाळतात. डबीवर आयएस १६२८९ हा भारतीय मानक क्रमांक आणि वर्ग २ किंवा ३ लिहिलेला बघून घ्या.

कानात अडकवायचे एन-९५ किंवा केएन-९५ (चिनी मानकाचे): मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर हेच सर्वांत जास्त मिळतात. कापड चांगलं असलं तरी कानाची इलॅस्टिक तोंडावर पुरेसा दाब देत नाही, आणि मान खाली घालून भाजी चिरणं, वाकून पातेलं उचलणं अशा हालचालींत तो सुटतो. घामाने दोन तासांत इलॅस्टिक ढिली पडते. घरी असेच पडलेले असतील तर डोक्यामागे दोन्ही इलॅस्टिक जोडणारा हुक लावा, पकड बरीच सुधारते. नव्याने विकत मात्र हे घेऊ नयेत. नायॉशची मान्यता असल्याचा दावा करणारा मास्क कानात अडकवायचा असेल तर तो बनावट धरावा. त्यांच्या मान्यताप्राप्त मास्कना डोक्याचे पट्टे असतात आणि मास्कवर ‘टीसी-८४ए’ ने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो.

डोक्यामागे पट्टे असलेला, बिनव्हॉल्व्हचा एन-९५ किंवा एफएफपी-२: शिफारस याचीच. यातही आकार महत्त्वाचा. वाटीसारखा कडक मास्क, म्हणजे ३एमच्या ८२१० सारखा, ओला झाला तरी ओठांना चिकटत नाही. भट्टीच्या कामाला तो सोयीचा, पण खिशात मावत नाही आणि दबला की वाकडा होतो. घडी होणारे चपटे मास्क, जसा व्हीनसचा व्ही-४४०० आहे, ठेवायला सोपे, तोंड बारीक असणाऱ्यांना आणि बऱ्याच बायकांना जास्त नीट बसतात. मात्र वाफेजवळ ते मऊ पडून श्वासासोबत आत ओढले जातात. म्हणून भट्टी, कढई, भात यांच्याजवळ वाटीचा आणि चिरणं, पॅकिंग, काउंटर, वेटरचं काम यांना घडीचा, असं वाटून घेणं व्यवहार्य.

व्हॉल्व्हवाला मास्क उकाड्यात सुखाचा वाटतो, हे खरं. आत येणारी हवा तोही तितकीच गाळतो, त्यामुळे घालणाऱ्याचं संरक्षण कमी होत नाही. पण बाहेर जाणारा श्वास गाळला जात नाही आणि व्हॉल्व्हच्या खाचेत साचलेला घाम थेट खालच्या भांड्यावर ठिबकतो. अन्नावर वाकून काम करणाऱ्याला तो चालत नाही. भांडी घासायच्या मोरीवर किंवा गोदामात असाल तर हरकत नाही.

रबराचा अर्धा मुखवटा (नाक-तोंड झाकणारा) आणि दोन्ही बाजूंना ‘पी’ गटातले पी-१०० फिल्टर: संरक्षण सर्वांत पक्कं. तेलाला टिकतो आणि फिल्टर काढून रबरी भाग साबणाने धुता येतो. किडनी बदललेल्या किंवा केमो चालू असलेल्या माणसाला तळणावरच काम करावं लागत असेल, तर पैसे साठवून हाच घ्यावा. फिल्टर कडक प्लास्टिकच्या डबीत बंद असलेले निवडा, उघड्या कापडी चकत्यांवर पाणी आणि तेल उडतं. तोटे तीन. आवाज दबतो, त्यामुळे ऑर्डर ओरडून सांगता येत नाही. मुखवट्याच्या आत घाम साचतो, दर तासाला पुसावा लागतो. आणि बहुतेकांना उच्छ्वासाचा व्हॉल्व्ह असतो, म्हणजे अन्नाबद्दलची अडचण इथेही आहेच.

बसवणं

मास्क कितीही चांगला असो, गालाशी फट राहिली तर तो सर्जिकलच्या पंक्तीला जाऊन बसतो. हात धुवा. मास्क तळहातात, नाकाची पट्टी बोटांच्या टोकाकडे. हनुवटीखाली लावा, खालचा पट्टा कानांच्या खालून मानेवर, वरचा डोक्याच्या मागे उंच. दोन्ही पट्टे एकत्र मानेवर ओढायची सवय किचनमध्ये फार दिसते, तिने वरची पकड जाते. नाकाची पट्टी दोन्ही हातांच्या दोन-दोन बोटांनी मधून बाहेर दाबत न्या. एका हाताच्या चिमटीने दाबली की नाकावर टोकदार घडी पडते आणि तिथूनच हवा गळते. टोपी किंवा हेअरनेट नंतर घाला, पट्ट्यांच्या वरून, म्हणजे पट्टे घसरत नाहीत आणि टोपी काढल्याशिवाय मास्क निघत नाही.

मग दोन्ही हातांनी मास्क झाकून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा लागला, चष्म्यावर वाफ आली, तर नाकाशी फट आहे. गालाशी लागला तर पट्टे आवळा. दाढी असेल तर मास्क सीलच होत नाही, एक-दोन दिवसांचे खुंटही गळती वाढवतात. शिफ्टच्या सकाळी दाढी करणं हा या वस्तूचाच भाग समजावा.

फोडणीचा वास येतोय म्हणून मास्क खोटा ठरवू नका. वास हा वायूचा खेळ, तो एन-९५ मधून जातोच. लाल मिरचीचा ठसका मात्र बराचसा धुरातल्या कणांमुळे लागतो. सावजी मसाला भाजताना सगळे ठसकतात आणि आपणही तितकेच ठसकतो, तर मास्क गळतोय. दम्याच्या माणसाने यातला दुसरा धोकाही ओळखावा. किचनमध्ये प्रत्येक खोकला फोडणीच्या नावावर खपतो, त्यामुळे आजारी सोबत्याचा खोकला कोणाच्या लक्षातच येत नाही. भट्टी बंद असताना, सकाळी भाज्या निवडताना जो खोकतो, त्याच्यापासून अंतर ठेवा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर त्याला सरकारी दवाखान्यात थुंकीच्या तपासणीला पाठवा, क्षयरोगाची तपासणी आणि औषधं तिथे फुकट आहेत. संधिवातासाठी किंवा आतड्याच्या आजारासाठी बायोलॉजिकल (प्रतिकारशक्ती दाबणारी) इंजेक्शनं घेणाऱ्यांना क्षयाचा धोका विशेष असतो.

किती दिवस, किती खर्च

कढई सोडून बाकी कामांना पाच मास्कचा फेरा चालतो. पाच कागदी पिशव्यांवर एक ते पाच आकडे लिहा, पहिल्या शिफ्टचा मास्क पहिल्याच पिशवीत, पुन्हा त्याची पाळी येईपर्यंत हात लावायचा नाही. तोवर वरचे बहुतेक विषाणू मरतात आणि श्वासाची थोडी ओल सुकते; वाफेने भिजलेला मास्क मात्र या फेऱ्यात धरायचा नाही. प्लास्टिकची पिशवी नको, ओल अडकून बुरशी धरते. एक मास्क पाचदा घालून झाला, पट्टा सैल पडला, डाग पडला किंवा श्वास जड वाटू लागला की टाकायचा.

ऑक्टोबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने एन-९५ मास्कच्या किमती प्रकारानुसार १९ ते ४९ रुपयांवर बांधल्या होत्या, तीन पदरी मास्क ४ रुपयांवर. आजचा भाव दुकानात विचारावा लागेल, पण हिशोबाला तोच आकडा धरू. महिन्याला २६ शिफ्ट, रोज नवा मास्क, ४९ रुपयांप्रमाणे १,२७४ रुपये. पाचांच्या फेऱ्यात सहा मास्क पुरतात, म्हणजे २९४ रुपये. तीन-चारशे रुपये हेल्परच्या पगारात लहान रक्कम नाही, हे मान्य. पण बुडालेल्या एका आठवड्याच्या मजुरीपुढे ती काहीच नाही.

घेताना मेडिकल स्टोअरपेक्षा हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांना माल पुरवणारी सेफ्टीची दुकानं बघा. डोक्याच्या पट्ट्यांचे मास्क तिथे असतात, कारण कामगारांना तेच लागतात. सर्जिकलची डबी गांधीबाग-गंजीपेठेकडच्या दवाबाजारात बॉक्सने घेतली तर स्वस्त. भारतीय बनावटीच्या एन-९५ सारख्या मास्कवर आयएसआय चिन्ह, आयएस ९४७३ आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर दुकानातच उभं राहून तपासता येतो. फुटपाथवर सुटे मिळणारे घेऊ नका.

मास्क जिथे कामाचा नाही

जेवण. स्टाफचं जेवण तीन-साडेतीनला, गर्दी ओसरल्यावर, मागच्या बोळात किंवा स्टोअररूममध्ये, सगळे गोल करून. सहा तास मास्क लावलेला माणूस तिथे वीस मिनिटं तो काढून खोकणाऱ्याच्या समोर बसतो. फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून साधारण पाच ते सात दिवस संसर्ग देतो, म्हणजे ‘आज तर कोणी आजारी दिसत नाही’ याला अर्थ नाही. जुना आजार असलेल्याने उघड्यावर, दाराबाहेर, वीस मिनिटं आधी किंवा नंतर जेवावं. स्वतःचं ताट, स्वतःची बाटली. माठावरचा सामायिक लोटा ओठाला लावू नये.

झोपायची खोली ही दुसरी जागा. बाहेरगावच्या पोरांना मालक एकच खोली देतो, सहा-आठ जण. आजारी सोबती तिथेच झोपला असेल तर खिडकीतला कूलर पाण्यासकट किंवा पाण्याशिवाय चालू ठेवा आणि समोरचं दार उघडं ठेवा. खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, ती खोली धुऊन काढतो. खोलीच्या आत ठेवलेला कूलर आणि एसी मात्र तीच हवा फिरवतात.

किचनमध्येही उभं राहायची जागा निवडता येते. एक्झॉस्टचा हूड हवा ओढतो, त्यामुळे आजारी माणूस आणि हूड यांच्या मधे उभं राहणाऱ्याच्या तोंडावरूनच ती हवा जाते. टिश्यूची एक पट्टी हातात धरून बघा, कुठे वाहते ते दिसतं. दाराकडून येणारी ताजी हवा आधी आपल्याला लागेल अशी बाजू मागून घ्या. हवा मोजायचं कार्बन डायऑक्साइडचं यंत्र किचनमध्ये घेऊ नका. गॅसच्या ज्योतीतूनच तो वायू निघतो, आकडा काहीच सांगत नाही. डायनिंग हॉलमध्ये ते उपयोगी आहे.

आणि उलटी-जुलाब. इथे मास्क जवळजवळ निरुपयोगी, कारण नोरोव्हायरस, टायफॉइड, कावीळ हे सगळे हातांतून आणि संडासाच्या कडीवरून फिरतात. अल्कोहोलचा सॅनिटायझर नोरोव्हायरसवर नीट चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच हवं, २० सेकंद. उलटी-जुलाब झालेल्या माणसाने शेवटच्या वेळेनंतर पूर्ण ४८ तास अन्नाजवळ येऊ नये. फ्रीजचं हँडल, नळ, कडी, ऑर्डरच्या मशीनची बटणं यांच्यासाठी ५ टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटचे २० मिली एक लिटर पाण्यात. उलटी पडलेल्या जागी एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, दहा मिनिटं तसंच ठेवून मग पुसायचं. द्रावण रोज ताजं करा, नागपूरच्या उन्हात ते झपाट्याने उतरतं. त्यात संडास धुवायचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो, आणि एन-९५ तो अडवत नाही. दम्याच्या माणसाने ही सफाई करूच नये, मॅनेजरने ती दुसऱ्याला सांगावी.

लसी मास्कइतक्याच कामाच्या. फ्लूची दरवर्षी, पावसाळ्याच्या आधी. न्यूमोकोकलची सिकलसेल, मधुमेह, किडनीच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारून. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर लस इंजेक्शनचीच घ्यावी. नाकात फवारायची फ्लूची आणि तोंडाने घ्यायची टायफॉइडची लस जिवंत जंतूंची असते, ती नको.

पाणी

मास्कचा सर्वांत मोठा दुष्परिणाम हा की तो काढायचा कंटाळा येतो आणि माणूस पाणीच पीत नाही. सिकलसेलमध्ये हे फ्लूइतकंच वाईट. दर तासाला बाहेर, मोकळ्या हवेत, मास्क पट्ट्यांना धरून काढायचा, पाव लिटर पाणी, घाम पुसायचा, पुन्हा बसवून श्वास तपासायचा. पाच मिनिटं. किडनी किंवा हृदयाच्या रुग्णाला पाण्याची मर्यादा असते, त्याने डॉक्टरांनी दिलेला आकडाच पाळावा. चक्कर, छातीत जखडणं, ओठ निळसर होणं यांतलं काही जाणवलं तर आधी मास्क काढून बाहेर या, मग बाकीचं.

मालकाशी बोलताना

मास्क घालून धंदा वाईट दिसतो, असं म्हणणारा मालक भेटतो. त्याच्यापुढे तब्येतीची गाऱ्हाणी मांडण्यापेक्षा त्याच्याच परवान्याचा कागद ठेवा. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या परवाना व नोंदणी नियमांतल्या चौथ्या परिशिष्टात लिहिलंय की आजारी किंवा उघडी जखम असलेल्या माणसाला अन्न हाताळू देऊ नये. कावीळ, उलटी, जुलाब, ताप, तापासह घसादुखी, चिघळलेल्या जखमा, कान-डोळे-नाकातून स्राव, एवढी लक्षणं व्यवस्थापनाला कळवायची आहेत. वर्षातून एकदा सगळ्यांची वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडसारख्या आजारांची लस, दोन्हींची नोंद ठेवायची आहे. म्हणजे तापाने खोकणाऱ्या कारागिराला घरी पाठवा, ही मागणी कोणाची मेहेरबानी मागणं नाही.

तो कारागीर तरी का येतो? मजुरी कापली जाते म्हणून. दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या हॉटेलात २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू आहे. पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो, आणि सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यावर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के पैसे मिळतात. पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसते पण विम्याचा नंबर मिळालेला नाही, अशी माणसं किचनमध्ये पुष्कळ आहेत. नंबर मागून घ्या, सोबत्यालाही मागायला लावा. तो आजारपणात घरी थांबू शकला, तर आपल्या मास्कचं निम्मं काम तिथेच होतं.

सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत येतो. प्रमाणपत्र मिळण्यासारखी अवस्था असेल तर ते काढून ठेवा. मग मालकाला अर्धं पान अर्ज द्या: व्हॉल्व्ह नसलेला मास्क घालू द्यावा, दर तासाला पाच मिनिटं पाण्याला सोडावं, जेवणाची वेळ वेगळी असावी, उलटी-जुलाबाची सफाई देऊ नये, आणि तापाचा माणूस शेजारी असेल त्या दिवशी पॅकिंगला किंवा काउंटरला बदली मिळावी. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. तिच्यात आजाराचं नाव लिहिलंच पाहिजे असं नाही, ‘संसर्गापासून जपणे आवश्यक’ एवढं पुरतं. एक प्रत मालकाच्या सहीची स्वतःजवळ ठेवा.